टोकाच्या नळाचा दाब

पाणीपुरवठ्याच्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणाच्याही घरी गेला की तो आधी नळ सोडून पाहतो. धार किती जाड आहे, घागर किती वेळात भरेल, वरच्या मजल्यावर पाणी चढते की नाही, हे न विचारताच त्याच्या मनात मोजले जाते. मध्य प्रदेश शासनाच्या लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागातून निवृत्त होऊन आम्हांला काही वर्षे झाली. खोड मात्र निवृत्त झाली नाही. बुधवाऱ्यातल्या आमच्या घरी इंटरनेटची फायबरची तार आली आणि भिंतीवर एक लहानशी पांढरी डबी बसली, तेव्हा ती खोड त्या डबीकडे वळली.

डबीबरोबर प्रश्नही आला : किती वेगाची जोडणी घ्यावी? पुण्याहून चिरंजीवांनी कळवले, "बाबा, तीनशेच्या खाली घेऊ नका. दिवाळीला आलो की मुलांचे हाल होतात." सौ. म्हणाल्या, "अहो, आपल्या दोघांना तीनशे घेऊन काय करायचंय? मला लेकीचा चेहरा न अडकता दिसला म्हणजे झालं." जोडणी द्यायला आलेल्या मुलाने तिसरे मत दिले, "अंकल, आजकल सब तीन सौ ही लेते हैं।" तिघांच्या बोलण्यात आकडा होता किंवा इच्छा होती, मोजमाप मात्र कोणाच्याच बोलण्यात नव्हते. वाचकहो, घरगुती इंटरनेटला वेग किती लागतो, हा प्रश्न आज घरोघरी पडतो. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला आमच्या जुन्या खात्याची शिस्त फार उपयोगी पडली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या नोकरीच्या काळात पाणीपुरवठ्यासाठी केंद्र शासनाची १९९९ ची नियमपुस्तिका प्रमाण मानली जाई. गटारांची सोय असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावे, असे त्यात होते. खेड्यांसाठी अनेक वर्षे ४० लिटरांचे मान होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ते ५५ केले. पण माणशी लिटर हा हिशेबाचा केवळ आरंभ. सगळे गाव एकाच वेळी, सकाळी सहा ते आठ या वेळात नळ सोडते. म्हणून सरासरीला गुणायचा एक अंक असतो. ५० हजारांपर्यंतच्या वस्तीला तो ३, दोन लाखांपर्यंत अडीच आणि त्यापुढे २. गाव जितके मोठे, तितका हा अंक लहान. कारण मोठ्या गावात सगळ्यांची घाई एकाच क्षणी जमून येत नाही. तिसरी गोष्ट दाबाची. टाकीतून पाणी कितीही जोरात निघो, वाहिनीच्या अगदी टोकाच्या घरापाशी एकमजली इमारतीसाठी ७ मीटर आणि दुमजलीसाठी १२ मीटर दाब शिल्लक राहिला पाहिजे. टाकीजवळच्या घराची धार पाहून योजना यशस्वी झाली असे कोणी म्हणत नाही. कनिष्ठ अभियंत्याला आम्ही नेहमी सांगत असू, शेवटच्या तोटीवर जाऊन उभा राहा.

आता हाच हिशेब इंटरनेटला लावून पाहू. वेग मोजायचा मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे एमबीपीएस या मापाने. येथेच पहिला घोटाळा होतो. जाहिरात बोलते मेगाबिटमध्ये आणि आपली छायाचित्रे, चित्रपट साठवले जातात मेगाबाइटमध्ये; एका बाइटचे बिट आठ. म्हणजे तीनशेचा वेग प्रत्यक्षात सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट झाला. लिटर आणि गॅलन यांची गल्लत होऊ नये म्हणून आम्ही नकाशावर माप ठळक लिहीत असू. येथे ती गल्लत विकणाऱ्याच्या सोयीची असल्याने कोणी ठळक लिहीत नाही.

जुन्या डिजिटल टेलिफोनवरच्या एका संभाषणाला ६४ किलोबिट, म्हणजे एका मेगाबिटाचा पंधरावा-सोळावा हिस्सा पुरत असे. समोरासमोर चेहरा दाखवून बोलायला चांगल्या चित्रासह दीड-दोन मेगाबिट होतात. टीव्हीवर स्वच्छ चित्रपट पाहायला पाच आणि अतिस्पष्ट, ज्याला फोर-के म्हणतात, त्याला पंधरा मेगाबिट पुरतात, असे चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्याच सांगतात. एरवी आम्ही उभयता घरात. एक चित्रपट, एक बोलणे, मोबाइलची किरकोळ कामे : दहाच्या आत सगळे आटोपते. आता दिवाळीची रात्र धरू, वेळ नऊची. दोन नातवंडे दोन वेगळे चित्रपट पाहत आहेत, त्यांचे दहा. चिरंजीवांची परदेशातल्या मंडळींबरोबर बैठक, त्यांचे चार. सौ. लेकीशी बोलत आहेत, दोन. सूनबाई फोर-के चित्रपट पाहत आहेत असे मानू (आमचा टीव्ही त्या लायकीचा नाही, तरी हिशेबात धरू), पंधरा. सहा मोबाइल आपापल्या परीने काही उतरवून घेत आहेत, पाच. एकूण छत्तीस. वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या तासाला, सर्वांची हौस पुरवून छत्तीस.

नातवाची बाजूही मांडली पाहिजे. त्याला ५० जीबीचा एक खेळ उतरवायचा असतो. तीनशेच्या वेगाने तो बावीस-तेवीस मिनिटांत उतरतो. चाळीसच्या वेगाने पावणेतीन तास लागतात. ही तक्रार खरी आहे. ज्यांचा व्यवसाय चित्रफितींच्या संकलनाचा किंवा मोठमोठ्या नकाशांचा आहे, त्यांची तर गरजच मोठी. हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो आणि ते योग्यही आहे. फक्त तिची नोंद हौसेच्या खाती व्हावी, गरजेच्या नव्हे.

ही गरज किती सरकली, हेही पाहण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून मोडेम चिरकत-खरखरत जोडणी करी. पुढे त्याची मजल फार तर ५६ किलोबिटांपर्यंत गेली. एक मेगाबाइटचे छायाचित्र उतरायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागे आणि तेवढ्यात कोणाचा फोन आला की पुन्हा श्रीगणेशा. २००४ च्या धोरणात शासनाने ब्रॉडबँडची व्याख्या केली : सदैव चालू राहणारी आणि किमान २५६ किलोबिटांचा वेग देणारी जोडणी. २०१३ मध्ये तो आकडा ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन मेगाबिट. अमेरिकेत हाच आकडा २०१० मध्ये चार, २०१५ मध्ये पंचवीस आणि २०२४ मध्ये शंभर झाला. माणसाची तहान चाळीस लिटरांवरून पंचावन्नवर जायला दशके लागतात. कारण पोट आणि अंग यांना मर्यादा आहे. डोळ्यांनाही ती आहे, पण त्यांच्यापुढे रोज नवे ताट वाढले जाते. आपण मागितले म्हणून वेग वाढला, हे अर्धेच खरे. वेग वाढला म्हणून संकेतस्थळे जड झाली आणि ती जड झाली म्हणून आपण पुन्हा वेग मागितला, हा उरलेला अर्धा भाग.

विकणाऱ्यांना हा हिशेब पक्का ठाऊक आहे. दूरध्वनी केंद्राकडून निघालेली काचेची एक तार वाटेत एका लहानशा पेटीत फुटते आणि बत्तीस किंवा चौसष्ट घरांना वाटली जाते. फार प्रचलित पद्धतीत त्या तारेची उतरती क्षमता सुमारे अडीच हजार मेगाबिट. बत्तीस घरांनी ती एकाच क्षणी मागितली, तर प्रत्येकाच्या वाट्याला अठ्ठ्याहत्तर येतील. तरीही त्या बत्तीसांना तीनशे-तीनशे विकता येतात आणि बहुधा कोणाची तक्रार येत नाही. कारण सगळे एकाच क्षणी मागत नाहीत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले अभियंते आग्नेर एरलांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या गर्दीचे गणित मांडले, ते याच जातीचे. आणि आमच्या नियमपुस्तिकेतला अडीचपटीचा अंकही त्याच जातीचा. दुसरी खूण पाहा. शंभराचा वेग महिनाभर अखंड वापरला तर ३२,४०० जीबी उतरतील. पण अमर्याद म्हणवणाऱ्या अनेक योजनांमध्ये बारीक अक्षरात दरमहा ३,३०० जीबीची मर्यादा असते. म्हणजे आपण घेतलेल्या वेगाचा दशांशही वापरणार नाही, हे विक्रेत्याने गृहीत धरले आहे. यात फसवणूक नाही, व्यवहार आहे. पण ग्राहकानेही तो समजून घ्यायला हरकत नाही.

आता सौ.च्या मागणीकडे वळू. लेकीचा चेहरा अडकू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. लेक टोरांटोला. बऱ्हाणपूरपासून ते अंतर सरळ रेषेत बारा हजार किलोमीटरांच्या पुढे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे इकडचा शब्द तिकडे पोचायला सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग तरी लागणारच. आणि समुद्राखालच्या तारा सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक. एका दिशेचा हा विलंब सेकंदाच्या सातव्या भागाच्या आसपास, म्हणजे दीडशे मिलिसेकंदांपर्यंत असेल तर बोलणे सहज चालते, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा दंडक आहे. त्यापुढे दोघेही एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, मग "तू बोल", "नाही, तू बोल". चाळीसऐवजी तीनशे घेऊन हा विलंब कमी होत नाही. नळ रुंद केल्याने धरण जवळ येत नाही.

चेहरा अडकण्याचे दुसरे कारण तर घरातच होते. बुधवाऱ्यातली जुनी घरे वीट-चुन्याची. आमच्या माजघराची भिंत दोन फूट जाडीची. डबी ओसरीत आणि सौ.ची बोलण्याची जागा स्वयंपाकघराजवळ. ओसरीत भरपूर असलेला वेग दोन भिंती ओलांडून जाताना गळून जाई. वायफायच्या दोन लहरींपैकी जी अधिक वेगवान, तिलाच भिंतींचे वावडे अधिक. हा रस्त्यावरच्या वाहिनीचा दोष नव्हे, घरातल्या नळकामाचा. शंभर-दीडशे रुपयांची साधी तार ओढून डबीचे दुसरे ठाणे माजघरात बसवले आणि लेकीचा चेहरा स्थिरावला.

याहून गंभीर अनुभव आम्हांला २०१९ च्या पावसाळ्यात आला होता. तेव्हा घरी तांब्याच्या तारेवरची जुनी जोडणी होती. उतरता वेग आठ मेगाबिट, रोजच्या कामाला पुरेसा. आमच्या थोरल्या भगिनी रावेरहून आल्या होत्या. त्या ओट्यावरून घसरून पडल्या. येथल्या एका रुग्णालयात डोक्याचे सीटी स्कॅन झाले. ताईंचे चिरंजीव नागपुरात डॉक्टर. त्यांनी सांगितले, "मामा, अहवालाचा फोटो नको, सगळी फाइल पाठवा." फाइल ३०० मेगाबाइटची. आणि त्या जोडणीचा चढता वेग, म्हणजे आपल्याकडून बाहेर पाठवण्याचा वेग, एक मेगाबिटही नव्हता. पन्नास मिनिटांचे काम. चाळीस मिनिटे झाली आणि वीज गेली. दहा मिनिटांनी आली, तेव्हा पाठवणे पहिल्यापासून सुरू करावे लागले. ताई आतल्या खोलीत पडून, सौ. त्यांच्या उशाशी आणि आम्ही पडद्यावरची ती निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकताना पाहत बसलेलो. रात्री अकरानंतर फाइल पोचली. पाच मिनिटांत फोन आला, "मामा, आत रक्त साचतंय. सकाळची वाट पाहू नका, इंदूरला निघा." असीरगडाच्या रस्त्याने ती सारी रात्र गेली. पहाटे शस्त्रक्रिया झाली. ताई आज रावेरला आहेत आणि फोनवर आमच्या खाण्यापिण्यावर पूर्वीइतक्याच अधिकाराने बोलतात.

त्या रात्री आठचे ऐंशी किंवा आठशे मेगाबिट असते, तरी काय उपयोग होता? ते सगळे उतरते. आम्हांला हवा होता चढता वेग. तीस मेगाबिटांचा असता तर दीड मिनिटात काम झाले असते. आणि हवी होती दहा-बारा वॉट वीज, डबी जिवंत ठेवण्यापुरती. जाहिरातीत या दोहोंचा उल्लेख क्वचितच ठळक असतो. शासनाच्या व्याख्येतला दोन मेगाबिटांचा आकडाही उतरत्या वेगाचाच आहे. घर हे फक्त घेणारे असते, काही पाठवणारे नसते, अशी ही समजूत आहे.

बऱ्हाणपूरकराला अखंडतेचे महत्त्व सांगायला नको. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकिर्दीत तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने येथे भूमिगत पाण्याची व्यवस्था केली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारात धरायचे, भुयाराला अगदी हलका उतार द्यायचा आणि हवा व सफाई यांसाठी ठरावीक अंतरावर कुंड्या ठेवायच्या, असा हा बेत. शंभराहून अधिक कुंड्यांचा कुंडी भंडारा आजही वाहतो. २०२४ मध्ये त्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आले. त्या पाण्याला वेग जवळजवळ नाहीच. कुंडीत उतरून पाहिले तर पाणी हलते आहे की नाही, अशी शंका येते. पण ते थांबत नाही, आणि त्या न थांबण्यावर मोगलांच्या काळात एवढे शहर नांदले.

गरजेची दुसरी बाजू आमच्या गल्लीतच आहे. समोरच्या घरातले गृहस्थ पॉवरलूमवर काम करतात. तीन मुले शाळेत. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, जुलैपासून 'हमारा घर, हमारा विद्यालय' हा शासनाचा उपक्रम सुरू झाला आणि धडे मोबाइलवर येऊ लागले. घरात मोबाइल एक, तोही वडिलांबरोबर कारखान्यात जाणारा. रोजचा दीड जीबी. स्वच्छ चित्रपटाच्या वेगाने पाहिले तर दीड जीबी चाळीस मिनिटांत संपते. हलक्या चित्राने पाहिले तर तीन-सव्वातीन तास पुरते, आणि ते तिघांत वाटायचे. थोरली मुलगी धडे वहीत उतरवून घेई आणि धाकट्यांना शिकवी. या घराला किती वेग हवा, असा प्रश्न कोणी विचारला नाही. तीन मुलांना एकाच वेळी बसून धडा पाहायला पाच-सहा मेगाबिट आणि आणखी एक पडदा पुरला असता. आमच्या चाळीस आणि तीनशे यांतल्या वादाला त्या दारापाशी काही अर्थ उरत नाही.

आमचा निर्णय सांगून टाकतो. चाळीसची जोडणी घेतली. मात्र चढता वेगही चाळीसच आहे, हे आधी विचारून घेतले. वाचलेल्या पैशातून डबीसाठी चार तास चालेल अशी लहान बॅटरी आणली. चिरंजीव दिवाळीत आले, तीन दिवस राहिले आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "बाबा, शेवटी तीनशेच घेतलंत ना?" आम्ही काही बोललो नाही. समोरची तीन मुले आता संध्याकाळी अभ्यासाला आमच्या ओसरीवर बसतात. त्यांच्यामुळे घराचा हिशेब छत्तीसवरून एकेचाळीसवर जाईल, पण ते दिवाळीच्या रात्री येत नाहीत.

राहता राहिला प्रश्न सार्वजनिक हिशेबाचा. २२ जुलै २०२२ रोजी आमचा जिल्हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. खात्यातल्या जुन्या माणसांना या मानाचे कौतुक वाटले, पण त्याहून मोलाची वाटली ती प्रमाणित करण्याची रीत. नळ बसवले असा अहवाल अधिकाऱ्याने पाठवून भागत नव्हते. २५४ गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून सांगितले की, आमच्या घरांत पाणी येते. आणि नळ चालू म्हणायचा तो माणशी ५५ लिटर, ठरलेल्या शुद्धतेचे आणि नियमित पाणी येत असेल तरच. परिमाण, गुणवत्ता आणि नियमितपणा, अशा तीन कसोट्या होत्या.

इंटरनेटसाठीही योजना आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत शंभर मेगाबिटांची तार नेण्याचे ठरवले. तार पंचायतीच्या भिंतीपर्यंत पोचली की तिची नोंद होते. पण पंचायतीच्या भिंतीपासून शेवटच्या घरापर्यंत काय पोचते, किती तास पोचते, तिथून काही पाठवता येते का, आणि वीज गेल्यावर काय होते, हे त्या घरातल्या माणसाला ग्रामसभेत उभे करून विचारण्याची रीत इथे लागू झालेली नाही. पाण्यासाठी ती आमच्याच जिल्ह्यात यशस्वी झाली आहे. त्या सभेत कोणाला एमबीपीएस हा शब्द उच्चारता आला नाही तरी चालेल. मुलीचा धडा न अडकता दिसला का आणि म्हातारीचा कागद रात्री डॉक्टरकडे पोचला का, हे दोन प्रश्न विचारले तरी पुरेत. आकडा किती लागला, तो त्या उत्तरांवरून अभियंत्याने काढावा.